थ्रीडी स्पेक्ट्रोस्कोपी: स्टार्ट दाबण्याआधी

एमआरआयवर मेंदूतल्या रसायनांचा नकाशा काढायचाय ना, मग कन्सोलआधी पेशंटपाशी बसा. १६ × १६ × ८ ची जाळी आणि दीड सेकंदाचा टीआर (दोन सिग्नलांमधला वेळ) धरला तर २०४८ वेळा सिग्नल घ्यावा लागतो, म्हणजे ५१ मिनिटं. के-स्पेसचे (कच्च्या सिग्नलच्या जाळीचे) कोपरे वगळले की वेळ जवळपास निम्म्यावर येतो. तो पर्याय आधीच लावून ठेवा. तरी अर्धा तास डोकं हलवायचं नाही. "काकू, आधी लघवीला जाऊन या," हे सांगायला विसरू नका. पेसमेकर, क्लिप, इम्प्लांटचा फॉर्म स्वतः विचारून भरा. मंगळसूत्र, नथ आठवणीनं निघतात, अंबाड्यातले आकडे राहून जातात. केसांत बोटं घालून चाचपा.

डॉक्टरांना नेमकं काय बघायचंय ते विचारून टीई (सिग्नल पकडण्याआधी थांबायचा वेळ, मिलिसेकंदांत) ठरवा. मायो-इनॉसिटॉल हवं असेल तर ३०, लॅक्टेटची शंका असेल तर १४४, कारण तिथं त्याचं आलेखातलं शिखर उलटं पडतं. कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल तर ते या स्कॅननंतर.

तिन्ही प्रतलांतल्या ताज्या प्रतिमांवरच मोजायच्या भागाचा बॉक्स आखा. कवटीबाहेरची चरबी आणि सायनसची हवा टाळा, कडेनं सॅच्युरेशन बँड (तिथला सिग्नल दाबणारे पट्टे) लावा. चरबीचा सिग्नल १.३ पीपीएमला (आलेखाच्या आडव्या पट्टीवरची जागा) येतो, लॅक्टेटही तिथंच. बँड ढिसाळ लागला तर चरबीच लॅक्टेट म्हणून वाचली जाईल.

आणि शिम, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं. इथं घाई करू नका, हे अगदी कळकळीनं सांगते. क्रिएटिन ३.० ला, कोलिन ३.२ ला. ३ टेस्लाच्या चुंबकावर दोघांत जेमतेम २५ हर्ट्झचं अंतर, दीड टेस्लावर १३. पाण्याची रेघ रुंद आली की ही दोन शिखरं एकमेकांत मिसळतात, आणि गाठीच्या पेशंटमध्ये कोलिनचंच गुणोत्तर तर आपल्याला हवं असतं. ऑटो शिम पुरेसा नसेल तर हातानं करा. पेशंट खोकला, डोकं सरकलं, तर पुन्हा नव्यानं. पाणी या रसायनांच्या हजारो पट असतं, म्हणून वॉटर सप्रेशनही तपासा.

शेवटी निरोगी बाजूच्या पांढऱ्या भागात एक सिंगल व्हॉक्सेल (एकाच छोट्या ठोकळ्याचा सिग्नल) घ्या, तीन-चार मिनिटांचं काम. एनएए (चेतापेशींचं रसायन) २.० ला उंच, पुढं क्रिएटिन आणि कोलिन वेगवेगळे दिसले, की मोठा स्कॅन लावा.