नाताळच्या सुट्टीत एका दिवसात मुंबई कशी बघायची

नाताळला पुण्या-नाशकाहून मुंबईला येणाऱ्यांचा प्लॅन बहुतेक ठरलेला असतो, गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, जुहू आणि वेळ उरला तर सिद्धिविनायक, म्हणजे अर्धा दिवस टॅक्सीत आणि अर्धा लायनीत. माझं ऐका, 25 डिसेंबरला हे सगळं सोडा. त्या दिवशी नाताळचीच मुंबई बघा, तीही पायी, सकाळी फोर्ट, दुपारी गिरगाव आणि संध्याकाळी बांद्रा. तीनच ठिकाणं, पण नीट.

आधी परतीचं बघून घ्या कारण बऱ्याच जणांचं तिथेच फिस्कटतं. डेक्कन क्वीनने आलात तर साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला पोचता पण परतीची तीच गाडी संध्याकाळी 5 वाजून 10 मिनिटांनी सुटते, म्हणजे बांद्र्याची रोषणाई हातची गेली. त्यापेक्षा जाताना दादरहून रात्रीची शिवनेरी आधीच बुक करून ठेवा किंवा सरळ मुक्काम करा. स्वेटर आणू नका, दुपारी घामच येतो. सुती कपडे, चालायचे बूट, पाण्याची बाटली. आणि हो, चर्चमधे जायचंय तर खांदे आणि गुडघे झाकले जातील असं काहीतरी घाला.

सीएसएमटीला उतरलात की लगेच पळू नका, बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून ती इमारत मान वर करून बघा, सुट्टी असल्यामुळे ऑफिसवाल्यांचे धक्के नसतात. हाच तर सुट्टीच्या दिवशी फोर्टमधे फिरायचा फायदा, एरवी जिथे उभं राहता येत नाही तिथे रस्त्याकडेला थांबून कमानी, कोरलेली माकडं, पोपट सगळं निवांत बघता येतं. तिथून चालत पंधरा मिनिटांवर हॉर्निमन सर्कलजवळ सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. 1718 चं हे चर्च, आणि किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे यायचा रस्ता होता तो चर्चगेट, स्टेशनला नाव त्यावरूनच पडलंय. आत भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत, ती वाचत बसलात तर तास सहज जातो. प्रार्थना चालू असेल तर शेवटच्या बाकावर गप्प बसा, मोबाइल खिशात. संपल्यावर विचारून फोटो काढा, सहसा कोणी नाही म्हणत नाही. कॅथलिक चर्चमधे मिस्साच्या, म्हणजे त्यांच्या सामूहिक प्रार्थनेच्या, शेवटाकडे लोक प्रसादासाठी रांग लावतात, तो कम्युनियन फक्त त्यांच्यासाठी असतो, आपण जागेवरच थांबायचं. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

जेवणाचं थोडं जपून, फोर्टमधली ऑफिसवाल्यांवर चालणारी बरीच हॉटेलं सुट्टीला बंद असतात. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, 1904 पासूनचा इराणी, उघडा असेल तर मावा केक आणि ब्रून मस्का (कडक पाव आणि लोणी) चहात बुडवून. जायच्या आधी फोन करून खात्री करा.

मग भुयारी मेट्रो घ्या, हुतात्मा चौकातून बसलात तर गिरगाव तिसरं स्टेशन, धोबीतलावला असाल तर चालतच जा. गिरगावातली खोताची वाडी मला स्वतःला सगळ्यात आवडते. लाकडी घरं, बाहेरून जिने, पुढे ओटा, आणि नाताळात दारादारावर कागदी चांदण्या. इथली जुनी कुटुंबं ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिस्ती माणसं, घरात मराठी बोलणारी. 1887 मधे त्यांनी ईस्ट इंडियन असोसिएशन काढली तेव्हापासून हे नाव रूढ झालं. त्यांच्या फराळात आपल्या करंजीसारख्याच नेवऱ्या असतात, आणि कुलकुल! पिठाची छोटी गोळी जेवायच्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची म्हणजे तिच्यावर शंखासारख्या रेघा उमटतात, मग तळून साखरेत घोळवायची. कुठे विकत मिळाले तर नक्की घ्या. फक्त एक, ही राहती घरं आहेत. खिडकीतून डोकावू नका, ओट्यावर बसून सेल्फी नको, आवाज हळू. घरं आधीच थोडी उरलीत, राहणाऱ्यांना आपला त्रास व्हायला नको.

साडेतीनपर्यंत चर्नी रोडला येऊन बांद्र्याची लोकल पकडा. सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असू शकतात, अ‍ॅपवर वेळ बघा. बांद्रा पश्चिमेला रिक्षा मिळते (दक्षिण मुंबईत मिळत नाही, तिकडे काळीपिवळीच), पण संध्याकाळी हिल रोड इतका तुंबतो की रिक्षा फक्त मोत माउलीपर्यंत घ्या आणि पुढचं सगळं पायी. मोत माउली म्हणजे माउंट मेरी, आत्ताची इमारत 1904 ची. बाहेरच्या स्टॉलवर मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं टांगलेली दिसतील, ज्याला जे मागायचंय ते विकत घेऊन माउलीपुढे ठेवायचं. पाय दुखतोय तर पाय, घर हवंय तर घर. इथे कोळी, गुजराती, मराठी सगळे येतात, कोणी तुम्हाला धर्म विचारत नाही. सुट्टे पैसे जवळ ठेवा.

सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो, तेव्हा साडेपाचला चर्चमधून निघून खाली बांद्र्याच्या किल्ल्यावर जा, आणि अंधार पडला की परत वर रनवार आणि चॅपल रोडच्या गल्ल्यांत शिरा. अरुंद रस्ते, भिंतींवर चित्रं, कोपऱ्याकोपऱ्यावर फुलं घातलेले क्रूस, आणि घरांसमोर पोरांनी केलेले गोठे, म्हणजे येशूच्या जन्माचे देखावे. गवत, माती, आरशाचा तुकडा ठेवून केलेलं तळं. 24 च्या रात्रीपर्यंत बऱ्याच गोठ्यांत बाळ येशू ठेवलेलाच नसतो, जागा रिकामी असते, म्हणून 23 ला येण्यापेक्षा 25 ला आलेलं बरं.

आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर किल्ला वगळा, चढ-उतार फार होतो, मोत माउलीनंतर सरळ रनवारला या. आणि 25 ला सुट्टीच नसेल किंवा गर्दी झेपत नसेल तरी हरकत नाही, चर्चमधले गोठे आणि रोषणाई साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असते, 27-28 ला आलात तर हेच सगळं अर्ध्या गर्दीत बघून होईल.