आलवणातली बाई उभी करताना

पहिल्या तालमीत मी चार पानांत तीनदा रडले. नाटक १८७० च्या दशकातल्या पुण्याचं, माझी भूमिका बालविधवेची. दिवस गेलेत आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, "अगं, काकूंनी चूल पेटवायची कधी? तू रडतेस म्हणून अख्खं घर खोळंबलंय."

ऐतिहासिक शोकांतिकेत पहिल्यांदाच काम करत असाल तर भावना राहू द्यात, आधी कामं शोधा. तुमची बाई या प्रवेशात काय करतेय? पाणी शेंदतेय, धान्य निवडतेय की वाती वळतेय? मी पंधरा दिवस नुसत्या वाती वळल्या. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो.

आलवण, म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं, तालमीच्या पहिल्या आठवड्यापासूनच नेसा. डोक्यावरचा पदर सांभाळताना मान कशी राहते, ते आरशापुढे कळत नाही. (केशवपन, म्हणजे विधवेचं मुंडण, दाखवायला टकलाचा टोप आणलाच होता. तो एखाद्या भांड्यासारखा दिसायचा, म्हणून फेकून दिला. घट्ट पदराने भागलं.)

वाचन मात्र टाळू नका. मला वाटायचं, कायदाच नव्हता, म्हणून बायका मेल्या. पण विधवाविवाहाला कायद्याने मान्यता १८५६ सालीच मिळाली होती. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात, विधवांना गुपचूप बाळंत होता यावं म्हणून, बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. म्हणजे माझ्या नायिकेच्या गावातच एक दार होतं! ते तिला ठाऊक होतं का? या एका प्रश्नाने आमचा तिसरा अंक बदलला. आधी ती असहाय होती. आता तिला दार माहीत आहे आणि तरी पाऊल उचलत नाही. हे करायला फार अवघड.

१८८१ चा सुरतेचा खटलाही वाचा. विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी बायकांनाच झोडपलं, तेव्हा ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध छापून पुरुषांना जाब विचारला. त्यातला राग मोठ्याने वाचून बघा, जिभेला त्या काळची मराठी लागते.

आमचा न्हावी सुरुवातीला खलनायकासारखा डोळे वटारायचा. मग कळलं, १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. आमचं नाटक त्याआधीचं, पण त्या नटाने एवढंच केलं: वस्तरा पाण्यात बुडवला आणि बाहेर काढायला थोडा वेळ लावला.

शेवटच्या प्रवेशात मी रात्री मागच्या दाराने निघते. तिथे माझं स्वगत होतं, दीड पानी. रंगीत तालमीला लेखकाने ते कापलं. आता आतून काकू विचारतात, "वाती वळून ठेवल्यास का गं?"

"हो. कोनाड्यात."

आणि मी कडी काढते.