परड्यातल्या झाडांची साल एकदा तपासा

पाऊस उघडला की परड्यातल्या आंब्या-पेरूकडे लक्ष जातं. खोडावर हिरवट-करड्या खपल्या दिसल्या की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "झाडाला रोग लागलाय, औषध मारा." पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात हे दरवर्षीचं आहे. पण त्या खपल्या म्हणजे दगडफूल. मसाल्यात पडतं त्याच्याच जातकुळीतलं. ते सालीवर नुसतं बसलेलं असतं, झाडाचा रस पीत नाही. शेवाळाचंही तसंच. खरवडत बसू नका, साल सोलली तर तिथूनच बुरशी आत शिरते. झाड दाटलं असेल तर वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, एवढं पुरे.

बांडगुळाला मात्र दयामाया नको. त्याची मुळं लाकडात घुसून पाणी ओढतात. पानं ओरबाडली तर पुन्हा फुटतं. गाठीच्या वीतभर खालून फांदीच कापा, तीही पाखरांनी बी पसरवायच्या आत.

खरी धास्ती भुशाची. आंब्याच्या बुडाशी लाकडाचा भुसा आणि खोडावरच्या छिद्रातून रस ओघळलेला दिसला, तर आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. झाड वरून हिरवंगार असतं आणि अचानक एखादी फांदी वाळते. छिद्र साफ करा, टोक वाकवलेल्या तारेनं अळी ओढून काढा. तार पोचत नसेल तर पेट्रोलचा बोळा आत सारून तोंड चिखलानं लिंपा. (विडी-काडी लांब ठेवा.) पेरू, बोर, शेवग्यावर साल खाणारी अळी असते. बेचक्यात भुसा आणि लेंड्यांची तपकिरी जाळी लोंबते. अळी दिवसा बिळात, रात्री सालीवर. जाळी झाडून काढली की शेजारीच बीळ सापडतं. उपाय तोच.

आटपाडी, जत, माणकडे सीताफळाला पिठ्या ढेकूण, म्हणजे पीठ लागल्यासारखी पांढरी रस शोषणारी कीड जास्त. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर आधी तिचा माग काढा. गोड चिकट्यासाठी मुंग्या या किडीला सांभाळतात. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून वर ग्रीस लावा. 50 ग्रॅम निंबोळी पूड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. पिठ्यांमध्येच एखादी पांढरी झुपकेदार अळी भराभर चालताना दिसली तर ती मारू नका, ती पिठ्या खाणाऱ्या भुंगेऱ्याची असू शकते.

लिंबाच्या खोडातून डिंक येत असेल तर तेवढीच कुजकी साल धारदार चाकूनं काढून बोर्डो पेस्ट लावा. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. विळ्याचं पातं बुडवून बघा; तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी लावू नका.