अमेरिकेत चर्च-मंदिरातून इमिग्रेशनची मदत: वकील नसाल तर परवाना असा मिळवा

चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडून लोकांचे फॉर्म भरून द्यायचे, त्यात काय एवढं? पण कोणता फॉर्म भरायचा, मुळात भरायचा की नाही, हे सांगितलंत की तो कायदेशीर सल्ला झाला. परवान्याशिवाय तो देता येत नाही, फुकटसुद्धा.

वकील नसलेल्यांना न्याय खात्याची मान्यता घेता येते. आधी संस्था, मग माणूस. एकट्यादुकट्याला काही मिळत नाही. संस्था ना-नफा आणि करमुक्त हवी, तिचं काम मुख्यतः गरिबांसाठी हवं. धर्माची अट नाही. चर्च, मंदिर, गुरुद्वारा, सगळ्यांना नियम एकच. फी घेणार असाल तर न परवडणाऱ्यांचं काय करणार, हे धोरण लेखी लागतं.

संस्थेचा फॉर्म ईओआयआर-३१, माणसाचा ३१-ए. नव्या संस्थेने दोन्ही एकत्रच पाठवावेत, कारण मान्यताप्राप्त प्रतिनिधी नसेल तर संस्थेलाही मान्यता नाही. संस्थेची मान्यता ६ वर्षांची (नवखीला आधी २ वर्षांची सशर्त), माणसाची ३ वर्षांची. संस्था सोडलीत की तिच्यामार्फत मिळालेली मान्यताही संपते.

मान्यता दोन प्रकारची असते. अर्धी मान्यता असेल तर ग्रीन कार्ड-नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या यूएससीआयएससारख्या खात्यांपुढे उभं राहता येतं, पूर्ण असेल तर इमिग्रेशन कोर्टातही. सुरुवात अर्धीनेच करा. पूर्णसाठी कोर्टात केस लढवण्याचं कौशल्य दाखवावं लागतं.

३१-एला बायोडेटा, किमान दोन शिफारसपत्रं आणि इमिग्रेशन कायद्याच्या पायाभूत कोर्सचा दाखला जोडतात. कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्ये सुरू केलेली क्लिनिक ही संस्था असे कोर्स घेते. व्हिलानोव्हा विद्यापीठाचा विस्टा हा ऑनलाइन कोर्स तीन भागांत आहे. पण नुसत्या सर्टिफिकेटवर भागत नाही, अनुभवही दाखवावा लागतो. म्हणून कोर्स चालू असतानाच एखाद्या वकिलाच्या किंवा जुन्या प्रतिनिधीच्या हाताखाली बसा. शिफारसपत्रात ‘स्वभावाने चांगला’ एवढंच आलं तर फायदा नाही. कोणत्या केसवर काय काम केलं, ते लिहून घ्या. पाद्रीबाबांचं पत्र चारित्र्यापुरतं ठीक.

खरं शिक्षण मदत मागायला आलेल्यांची मुलाखत घेताना होतं. समजा, ग्रीन कार्डवर ५ वर्षं झालेल्या एक आजी नागरिकत्वाचा एन-४०० फॉर्म भरायला येतात. हा फॉर्म मुदतीच्या ९० दिवस आधीही देता येतो. पासपोर्ट उघडा, प्रत्येक शिक्का बघा. सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्यात सलग ८ महिने राहिल्या असतील, तर ६ महिन्यांवरच्या गैरहजेरीने सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. तसं नाही हे त्यांना पुराव्याने दाखवावं लागेल. वर्षभर राहिल्या असतील तर सलगता तुटलीच. जुनी अटक असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत हाती आल्याशिवाय अर्ज अजिबात टाकू नका. नागरिकत्वासाठी गेलेला माणूस हद्दपारीच्या नोटिशीनिशी परत यायचा. पूर्वी काय भरलं होतं ते आठवत नसेल, तर माहिती अधिकाराखाली यूएससीआयएसकडून फाईल मागवा. थांबावं लागेल, पण थांबा. दुभाषा म्हणून घरचं पोर बसवू नका. आजी नातवासमोर खरं बोलणार नाहीत.

आश्रयाची केस आली की पहिला प्रश्न: अमेरिकेत कधी आलात? एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, अपवाद थोडे. ती मुदत जवळ आली असेल तर त्याच दिवशी अनुभवी वकिलाला फोन लावा.

जी-२८ या प्रतिनिधित्वाच्या फॉर्मवर सही केलीत की तुम्ही त्या केसचे प्रतिनिधी. केस नवरा-बायको दोघांची असेल तर सहीआधी त्यांच्याशी वेगवेगळं बोला: दोघांचं हित एकच आहे ना?