भंगारातून शिल्प करताय? आधी जस्त ओळखा

जहाजांचं लोखंड हवं असेल तर मुंबईत दारूखान्याचा भंगारबाजार. गिअर, साखळ्या, बेअरिंगं पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. भाव किलोवर असतो, हे ठाऊक असेलच. नवखा फसतो तो नंतर, घरी आल्यावर.

चुंबक चिकटलं म्हणजे साधं लोखंड, असं धरू नका. जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पाइपला आणि छपराच्या पत्र्यालाही ते चिकटतं, पण त्यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात. म्हणजे वेल्डिंगचा टाका बसायच्या आधीच जस्ताची वाफ झालेली असते. पांढरा धूर, जोडाभोवती कापसासारखी पूड, टाक्यात भोकं, या त्याच्या खुणा. धूर नाकात गेला तरी लगेच काही होत नाही, घात इथेच होतो. चार ते दहा तासांनी तोंडाला धातूची चव येते, हुडहुडी भरते, ताप चढतो. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो. दम लागला तर मात्र डॉक्टर गाठा आणि वेल्डिंग केल्याचं सांगा. दूध-गुळाने धूर पचतो हे वर्कशॉपमधलं शास्त्र विसरा. रुमालानेही तो अडत नाही, फिल्टरचा मास्कच लागतो.

जोडाच्या दोन्ही बाजूंना ५ सेंमीपर्यंत मुलामा ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (घासायची चकती) लावून काढा. जस्तावर ठिणग्या उडत नाहीत. त्या उडायला लागल्या की लोखंड लागलं. आणि आतून? पाइप बाहेरून चकचकीत करतात, आतलं जस्त तसंच राहतं. डिस्क आत जात नसेल तर वेल्डिंग नको, नटबोल्ट लावा. त्यात कमीपणा नाही. नेक चंद यांनी चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये फुटक्या बांगड्या सिमेंटात बसवल्या, घानाचे शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची बुचं तांब्याच्या तारेने जोडतात.

जहाजाच्या पत्र्यावरचा जुना शेंदरी रंग शिशाचा असू शकतो. तो कोरडा घासू नका. शिसं तापाने इशारा देत नाही. असा पत्रा सरळ नाकारा. बंद डबा किंवा शॉकअॅब्सॉर्बर तापवला तर फुटतो.

बाकी घाबरण्यासारखं फार नाही. २-३ मिमी पत्र्याला २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो. कमीपासून सुरुवात करा, भोक पडलं तर अजून खाली या. महिनाभर फॅब्रिकेटरच्या हाताखाली बसा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत फुलपाखरू तयार होतं, टाका येत नाही. आणि पावसाळ्यात रॉडचा पुडा उघडा ठेवू नका, ओल्या रॉडने टाक्याला भोकं पडतात आणि तुम्ही उगाच जस्ताला दोष देत बसता.