खडकाची पार्यता: मोजणी आणि एककांचे रूपांतर

पार्यता म्हणजे खडकाची आपल्यातून द्रव किंवा वायू वाहू देण्याची क्षमता. १ सेंटिपॉइज श्यानतेचा (चिकटपणाचा) द्रव, दर सेंटिमीटरला १ वातावरण इतका दाब उतरत असताना, १ चौरस सेंटिमीटर छेदातून सेकंदाला १ घन सेंटिमीटर वाहिला, तर त्या खडकाची पार्यता १ डार्सी असते. हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये दीजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात वाळूतून पाणी वाहवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांचेच नाव या एककाला मिळाले. तेलसाठ्यांच्या खडकांसाठी ते फार मोठे पडते, म्हणून व्यवहारात मिलिडार्सी वापरतात.

मोजणीसाठी गाभ्यातून, म्हणजे वेधन करून काढलेल्या खडकाच्या नमुन्यातून, छोटा दंडगोल तुकडा (प्लग) कापून घ्यावा, त्यातील तेल टोल्युइनने व क्षार मेथॅनॉलने धुऊन काढावेत आणि तो पूर्ण वाळवावा. मग वायू कडेने निसटू नये म्हणून प्लग रबरी स्लीव्हमध्ये आवळून त्यातून नायट्रोजन सोडावा. समजा, व्यास ३.८ सेंमी, म्हणजे छेद ११.३४ चौरस सेंमी. लांबी ५ सेंमी. आत शिरतानाचा दाब २ वातावरण, बाहेर पडतानाचा १. बाहेरच्या दाबाला मोजलेला प्रवाह सेकंदाला २ घन सेंमी. नायट्रोजनची श्यानता ०.०१७६ सेंटिपॉइज. वायू प्रसरण पावत असल्याने येथे दाबांच्या वर्गांतील फरक घ्यावा लागतो: २ × २ × ०.०१७६ × ५ × १ या गुणाकाराला ११.३४ × (४ − १) ने भागले की ०.०१०३ डार्सी, म्हणजे सुमारे १०.३ मिलिडार्सी येते.

हे दाब निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेले हवेत. दाबमापीवर दिसणारे १ आणि ० तसेच सूत्रात घातले, तर तोच प्लग ३१ मिलिडार्सीचा ठरतो, आणि आकडा अविश्वसनीय नसल्यामुळे चूक कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. शिवाय वायू रंध्रांच्या भिंतींवरून घसरतो, त्यामुळे घट्ट खडकात पार्यता जास्त दिसते. क्लिंकनबर्ग यांनी १९४१ मध्ये दाखवल्याप्रमाणे निरनिराळ्या सरासरी दाबांना मोजणी करून, दाबाच्या व्यस्ताविरुद्ध आलेख काढावा आणि तो शून्यापर्यंत वाढवून द्रवासाठीचे मूल्य वाचावे.

एकक बदलणे त्या मानाने सोपे. १ डार्सी म्हणजे ०.९८६९ वर्ग मायक्रोमीटर. मिलिडार्सी त्याचा हजारावा भाग. वरचा प्लग म्हणून ०.०१०२ वर्ग मायक्रोमीटरचा. घाईच्या अंदाजाला दोन्ही सारखेच धरले तरी फरक दीड टक्क्याच्या आतच राहतो.

भूजलवाले मात्र दिवसाला मीटर या एककात बोलतात, आणि ती राशीच वेगळी आहे: जलसंवाहकतेत, म्हणजे खडकाच्या पाणी वाहू देण्याच्या क्षमतेत, पाण्याची घनता व श्यानताही मिसळलेली असते. २० अंश सेल्सिअसला १ डार्सीच्या खडकात ती दिवसाला सुमारे ०.८३ मीटर, तर ३० अंशांना सुमारे १.०४ मीटर येते, म्हणून तापमान लिहिल्याशिवाय हे रूपांतर करू नये. दख्खनच्या बेसाल्टात पाणी मुख्यतः भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरते. तेथे प्लगच्या आकड्यावरून विहिरीचे पाणी ठरवू नये, पंपिंग चाचणीच घ्यावी.