विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलली, तर त्या बातमीचा हिशेब कसा मांडावा

मुलगी किंवा मुलगा अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विद्यापीठात शिकत असेल, किंवा आपण स्वतः तिथून पदवी घेतली असेल, तर गेल्या काही वर्षांत एक बातमी बहुधा कानावर आलीच असेल: आपल्या विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलली. तिच्यासोबत एक रंगीत नकाशा असतो, अध्यक्षांचे उत्साही निवेदन असते आणि ‘ऐतिहासिक’ हा शब्द किमान दोनदा येतो. या तिन्हींमधून विद्यापीठाचे नेमके काय होणार आहे हे कळत नाही. ते करारांतून, वाटणीच्या टक्केवारीतून आणि विमानाच्या वेळापत्रकातून कळते. यांपैकी बरेचसे कागद सार्वजनिक असल्यामुळे घरबसल्या वाचता येतात. ते कोणत्या क्रमाने वाचावेत, हे पुढे सांगितले आहे.

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमितपणे खेळणाऱ्या विद्यापीठांचा संघ. हे संघ मुळात भूगोलावर उभे राहिले. 1915 साली पोर्टलंड येथे स्थापन झालेल्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे पुढे पॅक-12 या नावाने ओळखल्या गेलेल्या संघाच्या पूर्वसूरीचे, चारही संस्थापक सदस्य कॅलिफोर्निया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या लागून असलेल्या राज्यांतले होते. भूगोलाची ही पकड सैल झाली ती 1984 मध्ये. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर एनसीएए या राष्ट्रीय संस्थेने ठेवलेले नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. त्यानंतर प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्सच विकू लागल्या, आणि कोणाला सोबत घेतले तर हक्कांचा भाव वाढेल हा प्रश्न शेजारधर्मापेक्षा मोठा ठरला. इथे फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. स्थलांतराचा निर्णय त्या एका खेळासाठी होतो आणि त्याचे ओझे बाकीचे वीस-बावीस खेळ वाहतात. ही एक गोष्ट मनात धरून ठेवली, तर पुढचे सगळे कागद वाचणे सोपे जाते.

आधी तारखा, मग रकमा

घोषणेची तारीख आणि प्रत्यक्ष प्रवेशाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदस्यत्वाचे वर्ष बहुधा 1 जुलैला सुरू होते आणि जुनी कॉन्फरन्स सोडण्यासाठी बराच आधी लेखी कळवावे लागते. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग 12 ही कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचा निर्णय 2021 च्या जुलैमध्ये जाहीर केला. प्रवेश झाला 1 जुलै 2024 रोजी, आणि तोही ठरल्यापेक्षा एक वर्ष आधी निघता यावे म्हणून दोघांनी मिळून 10 कोटी डॉलर मोजल्यावर. म्हणून बातमीत एकच तारीख असेल, तर ती घोषणेची आहे की प्रवेशाची, हे आधी पाहावे.

या मधल्या काळात खेळाडूंचे काय होते, हेही पाहावे. जेम्स मॅडिसन विद्यापीठाने सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये जाण्याचे ठरवल्यावर, ज्या कॉन्फरन्समधून ते निघाले होते तिने आपल्या उपविधीवर बोट ठेवून 2021-22 च्या हंगामात त्यांच्या संघांना कॉन्फरन्स विजेतेपदाच्या स्पर्धांतून वगळले. निर्णय व्यवस्थापनाचा होता. अखेरच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींची शेवटची संधी मात्र त्यात गेली.

बाहेर पडण्याच्या शुल्काचा आकडा वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापला जातो, पण तो क्वचितच शेवटचा असतो. मेरीलँड विद्यापीठ एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) सोडून बिग टेन या कॉन्फरन्सकडे निघाले तेव्हा एसीसीने 5 कोटी 20 लाख डॉलरहून अधिक रकमेची मागणी केली. तडजोड सुमारे 3 कोटी 14 लाखांवर झाली आणि ही रक्कमही मेरीलँडने वेगळी भरली नाही. त्याच्या वाट्याचा जो पैसा एसीसीने रोखून धरला होता, तोच तिने ठेवून घेतला. ‘किती द्यावे लागणार?’ या प्रश्नाबरोबर ‘किती अडकून पडले आहे?’ हा प्रश्नही विचारला पाहिजे.

सातबारा कोणाच्या नावावर?

या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे ग्रँट ऑफ राइट्स. या कराराने विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांपर्यंत कॉन्फरन्सच्या स्वाधीन करते. जमीन कसायची आपण आणि सातबाऱ्यावर नाव मात्र दुसऱ्याचे, असा हा प्रकार आहे. विद्यापीठ कॉन्फरन्स सोडून गेले, तरी हक्क मागेच राहतात. आणि हक्कांवाचून आलेल्या विद्यापीठाचे नव्या घरात कौतुक कितीसे होणार? एसीसीचा हा करार 2036 पर्यंतचा आहे. म्हणूनच 2023 च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडा स्टेट आणि 2024 च्या मार्चमध्ये क्लेमसन न्यायालयात गेले. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली, तिने बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी उतरत जाईल अशी ठरवून दिली: 2026 मध्ये साडेसोळा कोटी डॉलर आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने साडेसात कोटींपर्यंत. उतरती किंमत जाहीर झालेली असणे म्हणजे पुढच्या फेरमांडणीची तारीखच जवळपास छापलेली असणे, असे माझे मत आहे. आपले विद्यापीठ एसीसीत असेल, तर 2030 च्या आसपासच्या बातम्यांवर लक्ष ठेवावे.

याच्या उलट बाजूही आहे. पॅक-12 च्या प्रक्षेपण कराराची मुदत 2024 मध्ये संपत होती आणि हक्क त्यापुढे कोणी बांधून दिले नव्हते. यूएससी आणि यूसीएलए यांनी 30 जून 2022 रोजी बिग टेनकडे जात असल्याचे जाहीर केले, तेव्हा बाकीच्या दहांना नवा करार करायला वर्षभर मिळाले. वर्ष गेले, करार आला नाही. अखेर ॲपलचा प्रस्ताव पुढे आला, पण त्यातले उत्पन्न वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होते. कोलोरॅडो जुलैअखेरीस निघून गेले होते. 4 ऑगस्ट 2023 च्या सकाळी उरलेले सदस्य सह्या करतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे वळले, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 कडे. घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे एका दिवसात पाच वासे फिरले आणि शतकभर जुन्या संघात चारजण उरले.

वाटा पूर्ण की अर्धा

‘आता विद्यापीठाला बिग टेनचा पैसा मिळेल’ असे वाक्य दिसले की थांबावे. नव्याने येणाऱ्याला पूर्ण वाटा मिळतोच असे नाही. ऑरेगन आणि वॉशिंग्टन यांनी जुन्या सदस्यांच्या जवळपास निम्मा, म्हणजे वर्षाला सुमारे 3 कोटी डॉलर आणि पुढे थोडी थोडी वाढ, एवढा वाटा मान्य केला. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांना 1 सप्टेंबर 2023 रोजी एसीसीने घेतले ते पहिली सात वर्षे सुमारे 30 टक्के वाट्यावर. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशावर पाणी सोडले. तिथल्या धनिक माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात 10 कोटी डॉलर उभे केले आणि पहिल्याच हंगामात फुटबॉलचा संघ राष्ट्रीय प्लेऑफपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांपर्यंत, पोहोचला. हे उदाहरण प्रत्येक निवेदनात पुढे केले जाते. आपल्या विद्यापीठाकडे तेलाच्या आणि जमिनीच्या व्यवसायातले असे माजी विद्यार्थी आहेत का, हे पाहूनच त्यावर भरवसा ठेवावा.

प्रवास कोण करणार?

वेळापत्रक उघडून फुटबॉल बाजूला ठेवा. फुटबॉलचा संघ खास विमानाने हंगामात मोजक्याच वेळा दूर जातो. व्हॉलीबॉल, सॉकर आणि सॉफ्टबॉल यांच्या संघांचे तसे नसते. बर्कलीच्या सॉकर संघाला एसीसीतील सामन्यासाठी बॉस्टनला जायचे, तर ते अंतर सुमारे 4,300 किलोमीटर आहे, मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या साडेतीन पटींहून अधिक. जाताना घड्याळ तीन तास पुढे करावे लागते. बॉस्टनमध्ये संध्याकाळी सातचा सामना म्हणजे बर्कलीच्या शरीराला दुपारचे चार. पण परतीचे विमान मध्यरात्रीनंतर उतरते तेव्हा बॉस्टनच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजून गेलेले असतात आणि सकाळी नऊला रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक असते. असे हंगामात किती वेळा घडते, हे वेळापत्रकावर बोटाने मोजावे.

इथे एक चूक टाळावी. विद्यापीठ गेले म्हणजे त्याचा प्रत्येक खेळ गेला असे नसते. यूसीएलएचा पुरुषांचा वॉटर पोलो संघ पश्चिम किनाऱ्यावरच्या वेगळ्या महासंघातच खेळतो. नोत्र दामचा फुटबॉल स्वतंत्र आहे, आइस हॉकी बिग टेनमध्ये आणि बहुतेक बाकी खेळ एसीसीत. तेव्हा ज्या खेळाशी आपला संबंध आहे, त्याचेच पान उघडावे.

पैसा खरोखर आला का?

यासाठी तीन कागद उपयोगी पडतात. कॉन्फरन्स ना-नफा संस्था असल्यामुळे करखात्याकडे ‘फॉर्म 990’ भरतात आणि तो सर्वांना पाहता येतो. कोणत्या विद्यापीठाला किती रक्कम दिली, हे त्यात असते. तो वर्षभर उशिरा येतो, एवढे लक्षात ठेवावे. दुसरा, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरील ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ची आकडेवारी. खेळाडूंची संख्या आणि प्रशिक्षकांचे वेतन पाहण्यासाठी ती चांगली आहे, पण नफा-तोट्यासाठी तिच्यावर विसंबू नये. अनेक विद्यापीठांचे उत्पन्न आणि खर्च त्यात नेमके सारखे दिसतात, कारण तूट विद्यापीठाच्या मदतीने आधीच भरून काढलेली असते. तिसरा कागद सर्वांत बोलका आहे: सरकारी विद्यापीठे एनसीएएला दरवर्षी देतात तो आर्थिक अहवाल. माहितीच्या कायद्याखाली तो मागता येतो. स्टॅनफर्डसारख्या खासगी विद्यापीठांना ते बंधन नाही. या अहवालात दोन ओळी शोधाव्यात: विद्यार्थ्यांकडून घेतलेले शुल्क आणि विद्यापीठाने दिलेली थेट मदत. स्थलांतरानंतर दोन-तीन वर्षांनी या दोन ओळी घटल्या असतील, तर व्यवहार फायद्याचा. वाढल्या असतील, तर प्रक्षेपणाचे पैसे आले तसेच गेले. लहान सरकारी विद्यापीठांत हे क्रीडाशुल्क शिक्षणशुल्काच्या पावतीतच मिसळलेले असते, त्यामुळे पालकांना ते आपण भरतो याचा पत्ताही नसतो.

तूट हेच स्थलांतराचे मूळ कारण असते, हेही विसरू नये. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची 2021 च्या आर्थिक वर्षातील तूट 6 कोटी 25 लाख डॉलर होती. ते बिग टेनकडे गेले आणि त्याच सरकारी विद्यापीठ-समूहातील बर्कली मागे राहिले, म्हणून नियामक मंडळाने यूसीएलएने बर्कलीला वर्षाला 1 कोटी डॉलर द्यावेत असे ठरवले. लोकांनी याला ‘कॅलिमनी’ म्हटले, म्हणजे कॅलिफोर्नियाची पोटगी. त्यातच खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातील, जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षी विद्यापीठाला खेळाडूंना थेट 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत देता येऊ लागले. स्पर्धेत टिकायचे तर नव्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिकडेच जाणार, हे गृहीत धरावे.

मागे राहिलेल्यांचा हिशेब

आपले विद्यापीठ सोडून जाणाऱ्यांत नसून मागे राहिलेल्यांत असेल, तर वाचनाचा क्रम उलटा करावा: आधी न्यायालय, मग मैदान. ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे पॅक-12 मध्ये उरली, तेव्हा संघाच्या मंडळावर नियंत्रण कोणाचे हा प्रश्न त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन काउंटीच्या न्यायालयात नेला आणि जिंकला. सोडून जाणाऱ्या दहांपैकी प्रत्येकाला तडजोडीत 65 लाख डॉलर सोडावे लागले. संघाचे नाव आणि शिल्लक रक्कम दोघांकडे राहिली. फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात कॉन्फरन्सला किमान आठ सदस्य लागतात आणि संख्या घटल्यास दोन वर्षांची सवलत मिळते. त्या सवलतीत त्यांनी बॉइझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, टेक्सास स्टेट वगैरेंना गोळा करून जुलै 2026 पासूनचा नवा संघ बांधला.

मैदानावरचे नुकसान मात्र तडजोडीने भरून निघत नाही. ऑरेगन स्टेटचे फुटबॉल प्रशिक्षक जोनाथन स्मिथ त्याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार खेळाडू. 2023 चा हंगाम संपताच ते मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या 2025 च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. 2025 मध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधील फील्ड इव्हेंट्स बंद केल्या, म्हणजे फुटबॉलचा करार मोडल्याचा फटका भालाफेक आणि उंच उडीपर्यंत पोहोचला. अपवाद आहेत: कॉन्फरन्सविना खेळलेला ऑरेगन स्टेटचा बेसबॉल संघ त्याच वर्षी ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे महाविद्यालयीन बेसबॉलच्या अंतिम टप्प्यापर्यंत, गेला.

शेवटी, ज्यांच्या घरी टेनिस, पोहणे किंवा गोल्फ खेळणारे मूल आहे आणि प्रशिक्षकांचे फोन येऊ लागले आहेत, त्यांनी भेटीच्या वेळी चार गोष्टी विचाराव्यात: मूल चौथ्या वर्षाला असेल तेव्हा हा खेळ कोणत्या कॉन्फरन्समध्ये असणार, मागच्या हंगामात आठवड्याच्या मधल्या दिवशी किती वेळा प्रवास झाला, परीक्षेच्या आठवड्यात दौरा आल्यास परीक्षा कोण आणि कुठे घेते, आणि क्रीडा विभागाने गेल्या पाच वर्षांत कोणता खेळ बंद केला. पहिल्या प्रश्नाला ‘आम्हालाही ठाऊक नाही’ असे उत्तर मिळाले, तर नाराज होऊ नये; ते बहुधा खरे असते. चौथ्या प्रश्नावर प्रशिक्षक घुटमळले, तर त्या विद्यापीठाचा आर्थिक अहवाल घरी गेल्यावर मागवावाच.